मेव्ह

डमडमच्या विमानतळावर आमच्या नातीचे प्रथम दर्शन झाले. कन्या आणि आयरिश जावई तीन महिन्यांचे मूल घेऊन डब्लिनहून आले होते. नाव तिकडेच नोंदविले होते: मेव्ह. बारसे मात्र डमडमच्या आमच्या घरी व्हावयाचे होते, आणि जन्मभर संस्कृत शिकविले म्हणून नावाचा अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

कोशात मिळालेला अर्थ सांगावयास जीभ रेटेना. 'मेद्ब' हे या नावाचे जुने आयरिश रूप, आणि त्याचा अर्थ उन्मत्त करणारी. ही कॉनॉटची राणी. अल्स्टरच्या वीरकथांतील प्रमुख आख्यान हिनेच आरंभिलेल्या गोहरणाचे आहे. पतिपत्नी शय्येवर आपापल्या संपत्तीची मोजदाद करतात, पतीकडे एक श्रेष्ठ वळू अधिक निघतो, आणि तेवढ्यासाठी ही तशाच दुसऱ्या वळूकरिता सैन्य घेऊन निघते. विराटपर्व ऐकलेल्यास ही कथा परकी वाटू नये. तेथे गाई पळविण्यास राणी निघत नाही, एवढेच.

"म्हणजे दारूचे नाव?" पत्नीने विचारले.

"दारूचे नव्हे, मधाचे," मी म्हणालो. हा निव्वळ बचाव नव्हता. मेद्बच्या मुळाशी असलेला केल्टिक 'मेदु' आणि आपला 'मधु' हे एकाच कुळातील शब्द होत. 'ब्रिगिड' या आयरिश नावाचे 'बृहती'शी असेच नाते आहे. दोन्हींत उंच, थोर हाच भाव. वेल्श 'रिअॅनन'च्या पोटात तर आपली 'राज्ञी'च आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादिले आणि काहीशा संकोचाने केल्टिकलाही त्याच पंक्तीस बसविले, तेही याच कलकत्त्यात. अर्थात अशा जुळवण्यांचा मोह वाईट. नादसाम्यावरून मेव्हचा 'मेवा' करणारे एक स्नेही मला त्याच आठवड्यात भेटले.

मोह मलाही आवरला नाही. "पाळण्यातले नाव मधुरा ठेवू," मी सुचविले, आणि आधार म्हणून भगिनी निवेदितांचे उदाहरण दिले. आयर्लंडच्या डंगॅनन गावी जन्मलेल्या मार्गारेट नोबल २५ मार्च १८९८ रोजी दीक्षा घेऊन निवेदिता झाल्या. त्यांचे बागबाजार आमच्यापासून फारसे दूर नाही. (मार्गारेट हे नाव मात्र केल्टिक नव्हे, ते ग्रीक, अर्थ मोती.)

पत्नी थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या आपण होऊन पुढे झाल्या होत्या. मला कोणी विचारले होते?"

लग्नात तबकातील तांदळांवर मी अंगठीने जे नाव लिहिले, ते माझ्या मातोश्रींनी निवडलेले होते. तिचे माहेरचे नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. शब्दांची व्युत्पत्ती हा माझा व्यवसाय. पण त्या नावाचा अर्थ पाहावा असे त्रेचाळीस वर्षांत मला एकदाही सुचले नव्हते. ते नाव येथे लिहिण्यास तिची अनुमती नाही.

बारशाला जावयाची बहीण येऊ शकली नाही, म्हणून आत्याचा मान पत्नीने घेतला. पाळण्यावर वाकून तिने बाळाच्या कानात सांगितले, "मेव्ह." दुसरे नाव कोणी सुचविले नाही.

त्या रात्री मी पुन्हा कोश उघडला आणि पत्नीचे माहेरचे नाव काढून तिला अर्थ वाचून दाखवू लागलो. तो तिला ठाऊक होता.