पोर्ट उघडा, पण कुणासाठी?

लिनक्स सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडणं हे एका ओळीचं काम. उबुंटू असेल तर यूएफडब्ल्यू, रेडहॅटच्या घराण्यातलं काही असेल तर फायरवॉलडी. ती ओळ कुठेही सापडते, चिकटवली की काम होतं. माझी कटकट नेमकी इथेच सुरू होते. त्या ओळीत पोर्टचा आकडा असतो, पण तो कुणासाठी उघडायचा हे बहुतेक वेळा नसतं. आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर सर्व्हर त्याचा अर्थ "अख्ख्या जगासाठी" असाच घेतो. बिचाऱ्याचा काय दोष!

माझ्या मावसभावाचं औषधांचं घाऊक दुकान आहे. उधारी, साठा, बिलं, सगळं भाड्याच्या एका सर्व्हरवर. प्रोग्राम ब्राउझरमधून चालतो, म्हणजे बाहेरच्यांसाठी ४४३ उघडा असला की पुरे. डेटाबेस मायएसक्यूएल, त्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकणारा. म्हणजे फक्त घरातल्यांशी बोलणारा. एक दिवस सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन आला, "रिपोर्ट दुरुस्त करायचाय. डेटाबेस ०.०.०.० वर घ्या आणि ३३०६ उघडून द्या." दादाने मला फोन लावला. "पाच मिनिटांचं काम आहे म्हणतात रे, करून टाक ना."

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. पण गावातल्या कुठल्या दुकानदाराचं किती देणं थकलंय, ही यादी त्या पोर्टमागे होती. धंद्यात ही गोष्ट सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

मी विचारलं, "तुमच्या ऑफिसचा आयपी पत्ता द्या, तेवढ्यालाच वाट देतो." उत्तर आलं, तो रोज बदलतो. मग म्हटलं, एसएसएचमधून बोगदा काढा. २२ वर किल्ली दाखवून आत या आणि आतूनच डेटाबेसशी बोला. ३३०६ बाहेर दिसायची गरजच नाही. पलीकडे जरा शांतता. "बाकीचे क्लायंट असं काही विचारत नाहीत हो." नसतील विचारत!

(हा २२ आकडा कुठून आला, तीही गंमत आहे. १९९५ साली फिनलंडच्या टाटू युलोनेनने एसएसएच लिहिलं आणि २१ वरचं एफटीपी आणि २३ वरचं टेलनेट यांच्या मधला मोकळा आकडा मागून घेतला. त्या दोघांमधून पासवर्ड उघडेवाघडे जायचे. त्यांच्याच मधे हा राखणदार जाऊन बसला.)

"आपल्या एवढ्याशा दुकानात कोण येतंय डोकवायला?" हा दादाचा पुढचा प्रश्न. इंटरनेटवर माणसं डोकवत नाहीत, यंत्रं डोकवतात, एकेक पत्ता घेऊन ओळीने. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस असेच गेले. २७०१७ पोर्ट जगाला उघडा, पासवर्ड नाही. यंत्रांनी आतलं पुसलं आणि खंडणीची चिठ्ठी ठेवली. कुणी दुकान लहान की मोठं ते पाहिलं नाही.

असो. शेवटी बोगदाच ठरला. त्यांच्या माणसासाठी वेगळं खातं, पासवर्डने प्रवेश बंद. यूएफडब्ल्यूच्या नियमाला शेरा जोडता येतो, ही सोय फार कमी लोक वापरतात. मी २२ च्या नियमापुढे का, कुणासाठी आणि कधीपर्यंत हे लिहून ठेवलं. सहा महिन्यांनी तो नियम कुणी आणि कशाला घातला, हे कुणालाच आठवत नाही, आणि मग काढायची हिंमत होत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण यात भले भले चकतात. सर्व्हरवर डॉकर असेल तर तो पोर्ट बाहेर काढताना स्वतःचे नियम घालतो, आणि ते यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातात. यूएफडब्ल्यू "बंद" म्हणतं आणि पोर्ट सताड उघडा! म्हणून यादीवर भरवसा ठेवू नये, बाहेरून ठोठावून बघावं. मी दादाच्या सर्व्हरवर माझ्या घरून ठोठावलं. ४४३ ने ओ दिली, २२ ने किल्ली मागितली, ३३०६ गप्प. दादाला तसा मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "बरं. आता रिपोर्ट कधी होणार ते विचार त्यांना."