शेवाळातल्या पाठराखिणीस

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
ऐन वैशाख

प्रिय एचएसपी ७०बी,



तुझं नाव रेशनकार्डाच्या नंबरासारखं असलं, तरी शास्त्रज्ञ तुझ्या जातीच्या प्रथिनांना ‘शॅपरोन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: पाठराखीण. नव्या नवरीसोबत सासरी जायचं, ती रुळली की आपल्या घरी परतायचं. तुझंही तेच. नवं प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. तिची घडी बसेपर्यंत पाण्याला बुजणारे तिचे भाग उघडे पडतात आणि भलत्याच कुणाला चिकटतात. एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून तू ते धरतेस, सोडतेस, पुन्हा धरतेस. घडी बसली की तू बाजूला. तयार प्रथिनात तुझा कणही राहत नाही.

घडी मोडली तर काय होतं, ते आम्लेटच्या गाडीवर दिसतं. तव्यावर पडलेला अंड्यातला पारदर्शक भाग बघता बघता पांढरा, घट्ट होतो. उष्णतेने प्रथिनं उलगडली आणि एकमेकांत गुंतली. आता त्याचं पुन्हा अंडं होणे नाही. पेशीत अशी वेळ येऊ नये म्हणून तुझ्या कुळातली मंडळी उन्हाळ्यात जादा पाळीला येतात. त्यांचा माग लागला तोही तापण्यावरूनच. १९६२ साली फेरुच्चो रितोसा यांनी तापलेल्या फळमाश्यांच्या गुणसूत्रांवर नवे फुगवटे पाहिले; तिथे याच मंडळींची जनुकं जागी झाली होती.

तुझं माहेर क्लॅमिडोमोनस: दोन शेपट्यांचं, एकाच पेशीचं हिरवं शेवाळ, मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढं. गच्चीवरची टाकी काथ्याने घासताना मी ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याच भावकीतलं. तिथे तुझी नेमणूक हरितलवकात. ऊन डोक्यावर आलं की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मोडते. तिला सांभाळायचं आणि दुरुस्तीला हात लावायचा, हे तुझं काम.

पण नळीत बंद होऊन, उणे ८० अंशांवर गोठून प्रयोगशाळेत येतेस ती तू माहेरची नाहीस. तुझं जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातलेलं असतं. ओळखीसाठी सहा हिस्टिडीनची शेपटी जोडतात. निकेलच्या स्तंभातून द्रावण सोडलं की ती तिथे अडकते आणि गर्दीतून तू वेगळी निघतेस. वर लेबल: ‘फक्त संशोधनासाठी’.

गंमत पुढेच आहे. २००८ साली जर्मनीत मिखाएल श्रोडा यांच्या गटाला आढळलं, की जिवाणूत एकटीच तयार झालेली तू कामाला उभीच राहत नाहीस. शेवाळातली एचईपी२ नावाची मदतनीस जोडीला असेल तरच तू इतर सोबतिणींबरोबर कामाला लागतेस. म्हणजे पाठराखिणीलाही पाठराखीण लागते. आमच्याकडे घर सावरणाऱ्या बाईला कोण सावरतं, हे कुणी विचारत नाही. तुझ्या बाबतीत निदान कुणीतरी प्रयोग करून विचारलं.

म्हणून तुला मागवणाऱ्या पोरापोरींना एकच सांगणं. चाचणीच्या पट्टीवर प्रथिन किती, एवढंच मोजायचं असेल, तर ही एकटी आलेली चालेल. हिच्याकडून काम करून घ्यायचं असेल, तर आधी चौकशी करा: सोबत एचईपी२ होती ना?

तुझा,
टाकी घासणारा एक शहागंजकर