ताळा

गतवर्षीं बीजगणिताच्या तासास आम्हीं फळ्यावर √(क्ष + ६) = क्ष हें समीकरण मांडिलें आणि दोन्ही बाजूंचे वर्ग करून ३ व −२ अशीं दोन उत्तरें काढिलीं. मागील बाकावरील एका मुलानें वहींत केवळ ३ लिहिले होते. तें आम्हीं अपुरें ठरविलें. तो भीतभीत म्हणाला, "सर, −२ घालून पाहिलें. डावी बाजू २ येते, उजवी −२." वर्ग करितांना शिरलेलें तें खोटें उत्तर! वीस वर्षांच्या सरावानें आमचा हात चालला. ताळा पाहावयाचा मात्र राहिला. साऱ्या मुलांसमक्ष आम्हीं त्याची क्षमा मागितली. विद्यार्थीमित्रहो, उदाहरणें पुष्कळ सोडवा. परंतु प्रत्येक उत्तर मूळ समीकरणांत घालून पाहा, मग तें शिक्षकांचें कां असेना.