माईचं दूध

माझी धाकटी बहीण माई आम्ही आत्याच्याच घरी दिली. नात्यात दिली की पोर डोळ्यासमोर राहते, असं आमच्याकडं म्हणतात. तिची पहिली मुलगी दहाव्या दिवशी गेली. दूध प्यायची नि ओकायची, अंग हळद लावल्यागत पिवळं. काविळीचा दोरा बांधला, उतारा टाकला. 'आयुष्यच नव्हतं' म्हणून सगळे गप्प बसले.

दुसरा मुलगा झाला तेव्हा उन्हाळ कांद्याची लागण चालली होती. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आत्या म्हणाली, "शेळीचं पाजा, हलकं असतं." मी ऐकलं नाही. पोराला गोधडीत गुंडाळून देवळ्यात एका लहानशा दवाखान्यात नेलं.

तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी आधी पहिल्या मुलीची सगळी हकिगत विचारली. मग, "नवरा-बायको नात्यातले का?" सलाईन लावायच्या आधीच त्यांनी पोराची लघवी मागितली. म्हणाले, "दूध बंद झालं की लघवीतली खूण पुसली जाते."

काचेच्या नळीत निळं बेनेडिक्टचं पाणी, त्यात लघवीचे काही थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी. ग्लुकोजची पट्टी बुडवली, तिचा रंग मात्र हलला नाही.

"साखर आहे, पण ग्लुकोज नाही. दुधातली दुसरी साखर दिसते, गॅलॅक्टोज. ती मोडणारं विकर अंगात नसलं की ती साचते. यकृत, डोळे, मेंदू, सगळं नासवते. गॅलॅक्टोसेमिया म्हणतात. हा अजून संशय आहे, पक्कं मुंबईच्या रक्ततपासणीत कळेल. पण वाट बघायची नाही. दूध आत्ता बंद. गाईचं, शेळीचंसुद्धा."

माईनं पदर तोंडाला लावला. "मना दूधमाज ईख शे का, डॉक्टर?"

"नाही गं पोरी. दूध चांगलंच आहे. निम्मी खोट तुझ्याकडून आली, निम्मी त्याच्या बापाकडून. तुम्हा दोघांत झाकलेली राहिली, पोरात उघडी पडली. दर बाळंतपणात चारात एक, असा हा धोका असतो."

सोयाच्या पावडरीचा डबा देवळ्यात मिळेना. मी एसटीनं नाशिक गाठलं. तोवर सलाईनमधून साखर चालू होती, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शनंही. तीन दिवसांत ओकाऱ्या थांबल्या, पुढं पिवळेपणाही उतरला. रक्ताच्या तपासणीनं त्यांचा संशय खरा ठरवला.

पुढचं काम आयुष्यभराचं. नागलीची भाकरी, तीळ चालतात. दही, खवा, गडावरचा पेढा नाही. काही गोळ्यांतही दुधाची साखर असते, म्हणून औषधवाल्याला आधी विचारायचं. पोरगा बोलायला उशिरा लागला. पथ्य पाळूनही असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण शाळेत जातो, बांधावर धावतो. २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात मुंबईचं केईएम हे एक केंद्र आहे. तेव्हा आमच्याकडं होती ती एक नळी नि विचारणारा माणूस.

आखाजीला माई माहेरी आली की एकदा तरी म्हणते, "भाऊ, तिच्या येळेला ती नळी तापवली असती तर?" मी गप्प राहतो.

नात्यात कुठं तान्हं पिवळं पडलं, ओकायला लागलं, की आता सगळ्यांच्या आधी माईच पोचते. म्हणते, "दोरा मागून बांधा. आधी दवाखान्यात न्या, लघवी तपासा."