कागद, अंगठा आणि चौक

कुटुंबाचा इतिहास म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम कागद येतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले ते दप्तरांसाठी. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला तो पत्रांचा. पुढे घराण्याघराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले, त्यांतही सनदा, वतनपत्रे, वंशवृक्ष आणि एखादे पागोट्यातले छायाचित्र हीच सामग्री. जुने म्हणजे लिहिलेले आणि लिहिलेले म्हणजे जपलेले, हे समीकरण आमच्या अभ्यासक्रमांतही इतके मुरलेले आहे, की त्याचा कोणी उच्चारसुद्धा करीत नाही. तलासरी तालुक्यात मराठी शिकवू लागल्यावर मात्र आम्हा दोघांना त्याचा उच्चार करावा लागला. ज्या समाजात दप्तर होते ते नेहमी समोरच्या माणसाकडे, त्या समाजाने जपायचे काय?

वेवजी हे या तालुक्याच्या पश्चिम अंगाचे, थेट गुजरातच्या हद्दीला टेकलेले गाव. इथल्या माणसाला आगगाडी धरायची तर उंबरगावचे स्टेशन जवळचे, आणि ते गुजरातेत. बाजारात गुजराती, शाळेत मराठी, घरात वारली अशी तीन भाषांची ये-जा आमचे विद्यार्थी दिवसभर करीत असतात. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आम्ही एके वर्षी साधी सूचना केली: आपल्या बापाच्या जन्माआधीची एक वस्तू घरात शोधा आणि तिच्याविषयी घरातले थोरले काय सांगतात ते लिहून आणा. वेवजीची आणि आसपासच्या पाड्यांवरची मुले वर्गात अधिक होती. पहिले उत्तर जवळजवळ सर्वांचे एकच आले: “सर, आमच्या घरात जुनं काही नाही.”

दोन आठवड्यांनी मात्र वस्तू येऊ लागल्या. मूठ झिजलेला कोयता. फुंकणारा गेल्यावर मुका झालेला तारपा. दोऱ्यात ओवलेले, मधे भोक पाडलेले राणीछाप नाणे. किसान सभेची चार घड्यांची पावती. एका मुलाने प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतलेला एक कागद आणला. त्यावरचा मजकूर पुसटला होता, आकडेही लागत नव्हते. तळाशी निळसर शाईचा एक अंगठा तेवढा शाबूत होता. आज्याचे छायाचित्र कधी काढलेच गेले नाही, म्हणून घरात हा अंगठाच आज्या म्हणून ठेवला आहे, असे तो म्हणाला. वर्ग काही वेळ गप्प होता.

तो कागद कशाचा होता हे कळायला मार्ग नाही; पण या भागात असे अंगठे कशावर उमटत, हे इतिहासाला ठाऊक आहे. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे उचलायचे आणि त्यापोटी नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत. कर्ज किती, फिटले किती, उरले किती, याचा हिशेब ज्याच्या वहीत त्याच्याच तोंडी. वेठ निराळी, फुकट गवतकापणी निराळी. साक्षरता आणि गुलामगिरी यांचा संबंध आम्ही वर्गात फुल्यांच्या संदर्भात नेहमी शिकवतो. इथे तो संबंध एका बोटाएवढ्या जागेत दिसतो. अंगठा ही त्या माणसाची सही होती आणि तिनेच त्याला बांधले. आता तोच अंगठा नातवाच्या घरी देवळीजवळ ठेवला जातो. वस्तू तीच, पण तिची मालकी बदलली आणि अर्थ उलटला. साहित्यसमीक्षेत आपण ज्याला पुनर्वाचन म्हणतो, ते या घराने कोणतीही संज्ञा न वापरता केले आहे.

ही मालकी बदलली कशी, याची बातमी जुनी आहे. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे २३ मे १९४५ रोजी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चौघे मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सारा काळ लिहून ठेवला. पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीच्या विद्यार्थ्याला हे पुस्तक आत्मकथनपर लेखन म्हणून ठाऊक असते. आमच्या वर्गात ते वाचायला घेतले तेव्हा मात्र ते गावचे जुने वर्तमानपत्र असल्यासारखे वाचले गेले. कोणते पाडे आले, कोणती नावे आली, आपले आडनाव आले का, हे मुले बोट ठेवून शोधीत होती.

येथे एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो. बातमीत एक नाव राहते आणि बाकीची माणसे संख्या होतात. ‘जेठ्या गांगड व अन्य चार’ हे वाक्य आम्हीही नुकतेच लिहिले. पण पाड्यावरच्या सांगण्यात ही रचना नेमकी उलटी असते. तिथे ‘अन्य’ असे कोणी नसतेच. “आमचा आजा तिथे होता,” हे वाक्य आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत इतक्या वेळा आले, की ते सगळे आजे खरोखर त्या रात्री तेथे होते का, अशी शंका काटेकोर इतिहासकाराला यावी. आम्हाला ती शंका गैर वाटत नाही. पण तिच्यापाशी थांबणे अपुरे वाटते. एवढ्या वर्षांनंतरही इतकी घरे स्वतःला त्या जमावात उभी करू इच्छितात, हे स्वतःच एक साधन आहे. ते घटनेचे नसेल, पण घटनेच्या अर्थाचे निश्चितच आहे. दर वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्म्यांचे स्मरण होते, तेव्हा हा अर्थ पुन्हा एकदा सर्वांच्या मालकीचा होतो.

बायकांच्या वाट्याची आठवण मात्र या वह्यांत फार उशिरा आली. लग्नगड्याच्या घरच्या बाईला जमीनदाराच्या वाड्यावर काय सोसावे लागे, ते परुळेकरांनी स्पष्ट लिहिले आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या आजीला त्याविषयी विचारले. आजीने उत्तर दिले नाही; उठून सुपातले तांदूळ पाखडायला घेतले. मुलीने वहीत तेवढेच लिहिले आणि उरलेले पान कोरे सोडले. आमच्यापैकी एकीचे म्हणणे पडले की त्या पानाला पूर्ण गुण द्यावेत. दिले. मौन हाही कुटुंबाचा ठेवा असतो आणि तो उघडण्याचा अधिकार अभ्यासकाचा नसतो.

आता कागदाची दुसरी बाजू. ज्यांच्याकडे कधी कागद नव्हता, त्यांच्याकडे आजचे राज्य कागदच मागते. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० या तारखेच्या आधीचे पुरावे मोलाचे ठरतात. ज्याचा आज्या शाळेतच गेला नाही, त्याने शाळेच्या नोंदवहीतला उतारा आणायचा कोठून? आणि मिळालाच तर त्यावरचा पत्ता वाचावा. १ मे १९६० पूर्वी हा पट्टा उंबरगाव तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा उंबरगावची काही गावे गुजरातेत गेली आणि उरलेली डहाणू तालुक्याला जोडली गेली. पुढे तलासरी हा वेगळा तालुका झाला. १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा पालघर. घर एकाच जागी, कूड तोच, उंबराही तोच; कागदावर मात्र हे कुटुंब चार ठिकाणी राहून आलेले. हद्दीपलीकडे दिलेल्या बहिणीचा पत्ता तर दुसऱ्याच राज्याचा. कुलवृत्तांतात ‘मूळ गाव’ असा एक रकाना असतो. आमच्या मुलांना तो भरताना गाव बदलावे लागत नाही; बाकीचे सगळे खोडावे लागते.

या अंधारात एक खिडकी आहे, ती मराठी विभागांनी पाहून ठेवावी म्हणून सांगतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ चे. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची यादी त्या नियमांत आहे. तीत सरकारी कागदपत्रे आहेतच. पण घर, बांधबंदिस्ती यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, वंशावळ आहे, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण ही कायद्याने पुरावा मानली आहे. ती नीट ऐकणे, बोलीतला शब्द न बदलता उतरवणे, सांगणाऱ्याचे नाव आणि नाते नोंदवणे, ही कामे आम्ही लोकसाहित्याच्या नावाखाली गुणांसाठी करून घेत होतो. तीच कामे पाड्यावर जमिनीच्या तुकड्यासाठी लागतात. या तालुक्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग गेला, द्रुतगती महामार्ग गेला. जमीन कोणाची हा प्रश्न इथे केव्हाही दारात येऊन उभा राहतो. त्या वेळी आजोबा हयात असतीलच असे नाही.

अमेरिकेतील अॅपलाचिया या डोंगराळ प्रदेशात असाच एक उद्योग झाला होता. जॉर्जिया राज्यातील रेबन काउंटीच्या एका शाळेतल्या मुलांनी १९६६च्या सुमारास आसपासच्या वृद्धांना विचारून लाकडी घर कसे बांधतात, औषधी मुळ्या कोणत्या, हे लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यातून ‘फॉक्सफायर’ हे नियतकालिक निघाले आणि १९७२ साली त्याचे पुस्तक झाले. बाहेरचे जग ज्यांना मागासलेले म्हणत होते, त्यांचे ज्ञान त्यांच्याच नातवंडांनी छापले. आमच्याकडे उलट घडत आले आहे. वारल्यांवर पुस्तके पुष्कळ झाली; वारल्यांनी आपल्या घराविषयी लिहिलेली पाने अजून मोजकी आहेत.

तरीही ‘लिहिणे’ हा शब्द या घरांना परका नाही. लग्नात भिंतीवर चौक काढतात, त्याला वारली माणूस चौक ‘लिहिणे’ म्हणतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात, मध्ये पालघट देवी बसते, धवलेरी गाणी म्हणते. लग्न उरकले की त्या चौकाला कोणी जपत नाही. पुढच्या सारवणात तो जातो. पुढच्या लग्नात पुन्हा लिहिला जातो. कागदावर आणि कापडावर ही चित्रे पुरुषांच्या हातून पुढे आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि चित्रे टिकाऊ झाली. पण भिंतीवरच्या चौकाचे टिकणे निराळे आहे. तिथे प्रत जपली जात नाही, हात जपला जातो. राजवाड्यांच्या दप्तराला वाळवी लागू शकते. लेकीच्या हाताला गेलेला चौक वाळवीला सापडत नाही. लेक लिहायची थांबली तर मात्र कोणतेही संग्रहालय तो परत आणू शकत नाही.

गोळा झालेल्या वस्तूंचे काय करायचे, यावर आम्हा दोघांत बराच वाद झाला. एकाचे मत विभागात काचेचे कपाट करावे. मुले शहराकडे जात आहेत, कुडांच्या जागी सिमेंटच्या भिंती येत आहेत, उद्या काही उरणार नाही. दुसरीचे मत होते की वस्तू घरीच राहाव्यात. वाद मिटवला तो एका विद्यार्थिनीने. तिने आणलेली वस्तू आमच्या अटीत बसत नव्हती. ती होती ताडपत्री, जेमतेम काही वर्षांपूर्वीची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा कित्येक कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपत होती. तिच्या धाकट्या भावाचा जन्म त्या ताडपत्रीखाली झाला होता. ती म्हणाली, “मॅडम, ही जुनी होईपर्यंत तुम्ही थांबणार का? आणि कपाटात ठेवली तर पावसात आम्ही पेंढ्यावर काय घालायचं?”

कपाट झाले नाही. विभागात एक जाड नोंदवही आहे. वस्तू, ती कोणाच्या घरी आहे, तिच्याविषयी कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे शब्द आणि उतरवून घेणाऱ्याची सही, एवढेच रकाने. प्रत्येक पानाची एक प्रत त्या त्या घरी जाते. सांगणाऱ्याला लिहिता येत नसेल तर तो अंगठा देतो. पण त्याआधी लिहिलेले सगळे त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवायचे, आणि तो मान डोलावेपर्यंत शाईची डबी उघडायची नाही, असा नियम मुलांनीच घातला आहे.