भूक नव्हती, समोर होतं
शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय खाता? म्हटलं, दोन पोळ्या, वरण, भाजी. मग आठवलं. रामटेकच्या बसस्टँडवर चार चहा, पत्रकार परिषदेत समोसा, कोणी भेटलं की तर्री-पोहे. भूक एकदाही नव्हती. समोर आलं, खाल्लं.

माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाचं हे, तर शाळेसमोर लटकलेल्या चिप्सच्या माळा पाहून पोरगं काय करणार? एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमानुसार जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत.

मी आता टपरीवर फुटाणे मागतो. पोरांसमोर मात्र माळाच आहेत. उद्या मुलांना सोडायला जाल तेव्हा गेटपासून पावलं मोजा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. बातमी मी करतो.