गुमान

उर्दूच्या तासाला आम्ही 'यकीन' आणि 'गुमान' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. यकीन म्हणजे खात्री. गुमानाचे अर्थ दोन : अंदाज आणि गर्व. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे नांदतात, ते आम्हाला बी.एड.च्या पुस्तकांनी नाही, कृष्णेने शिकवले.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नोकरीमुळे सांगलीत भाड्याने राहत होतो. ऑगस्ट 2019 मध्ये अब्बांचा फोन आला, "इकडं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कोयनेतनं पाणी सोडलंय. सामान वर हलवा." कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि पुढे सांगलीच्या दारात येते, हे आम्हीच मुलांना नकाशावर दाखवत असू. तरी हसून म्हणालो, "2005 ला पाणी उंबऱ्याशीच थांबलं होतं." त्या पुराची रेघ भिंतीवर होती. ती घरमालकांनी दाखवलेली. 2005 साली आम्ही सांगलीत नव्हतोच!

शेजारच्या खाला शिलाईवर घर चालवत. ईदचे कपडे शिवायला घेतले होते. त्यांनी विचारले, "मास्टर, मशीन वर नेऊ का?"

वर्गात उत्तर ठामच द्यायचे, ही आम्हा शिक्षकांची सवय. त्याच आवाजात म्हणालो, "काही गरज नाही."

"तुम बोले तो बस," म्हणून त्या पुन्हा मशीनवर बसल्या.

2005 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांवर गेले होते. 2019 ला ते 57 फूटही ओलांडून गेले. घरात कंबरभर पाणी शिरले. आमची पुस्तके गेली, त्याचे एवढे नाही. खालांची मशीन गेली, लोकांचे कपडे गेले. 12 ऑगस्टची बकरी ईद आम्ही सर्वांनी पूरग्रस्तांच्या छावणीत केली. खाला आम्हाला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या कापडाचे पैसे मात्र त्या वर्षभर फेडत होत्या. आम्ही देऊ केले ते घेतले नाहीत. आमचा अंदाज होता, त्याला आम्ही खात्रीचा आवाज दिला. किंमत त्यांनी मोजली.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढू लागले. आयर्विनजवळ 40 फुटांची इशारा पातळी आली, तसे आम्ही खालांच्या दारात गेलो.

"येईल का हो मास्टर, पाणी?"

"माहीत नाही, खाला," म्हणालो आणि मशीनचे एक टोक उचलले.